गावी पाठवा

"मावशी, नालासोपाऱ्यात फुरशी असतात का हो?"

अजिंक्यने लॅपटॉप तिच्या बाजूला फिरवला. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर निळे ठिपके. रत्नागिरीवर बारीकसे दोनचार होते. मोठे, टपोरे ठिपके सगळे वर, मुंबईच्या अंगाला. नालासोपारा, विरार, दिवा, भांडुप.

"नसावीत," सुनेत्रा म्हणाली.

"नसावीत ना? मग ही माणसं आपलं पेज कशाला उघडतात? उघडतात, बघतात, आणि जातात. फोन कोणी करत नाही. आणि प्रत्येक वेळी जाहिरातीचे पैसे मात्र आपले कापले जातात. बाबा असते तर म्हणाले असते, दवाखाना हातखंब्याला आणि पाटी विरारला."

सुनेत्राने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ठिपके तिथेच होते.

हातखंब्याच्या तिठ्यापासून थोडं आत, हायवेचा आवाज येईल इतक्या अंतरावर, अजिंक्यच्या आईचा, डॉक्टर दमयंतींचा दवाखाना होता. जेमतेम दहाबारा खाटांचा. त्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन कायम असे आणि ते देऊन पुढचं सांभाळण्याची तयारीही असे. पण हे गावांना ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत आतल्या एका वाडीतली बाई इथे आणली तेव्हा उशीर झाला होता. आधी भगत-मांत्रिक, मग एक दवाखाना, तिथे इंजेक्शन नाही म्हणून दुसरा, आणि मग इथे. ती वाचली नाही. मग एकदा डॉक्टरीणबाई सुनेत्राला बोलावून म्हणाल्या, "तू ती वेबसाइटची पानं करतेस ना? मला एक करून दे. ज्याला साप चावलाय त्याला पहिल्या फटक्यात इथला पत्ता कळला पाहिजे. बाकी काही नको."

अशा पानाला लँडिंग पेज म्हणतात. माणूस काहीतरी शोधतो, जाहिरात दिसते, तो बोट टेकवतो आणि जिथे येऊन उतरतो ते हे पान. तिथे त्याने एकच गोष्ट करायची असते. इथे ती गोष्ट होती दवाखान्याला फोन लावणं.

आता कापणी पुन्हा तोंडावर आली होती. काही वाड्यांमध्ये सुरूही झाली होती.

"चूक माझी आहे," सुनेत्रा म्हणाली. "जाहिरात लावताना एक निवड असते. रत्नागिरीत असलेल्यांना दाखवा, किंवा रत्नागिरीबद्दल शोधणाऱ्यांनाही दाखवा. ती दुसरी निवड आपोआप असते, मी बदलली नाही."

"झालं तर मग! बदलून टाकू. मुंबई बंद."

"थांब जरा. शोधतात म्हणजे त्यांना काहीतरी हवं असतं. मला बघू दे."

"काय बघणार? कोणी प्रोजेक्टसाठी सापांची माहिती शोधत असेल." अजिंक्य हसला. तो पुण्याला एमबीए करून आला होता आणि दवाखान्याचं सगळं आता तोच बघत असे. लहानपणी रक्त काढून घेताना त्याने सुनेत्राच्या हाताला चावा घेतला होता, तेव्हापासून ती त्याची मावशी. "बरं, सोमवारपर्यंत तुमचं. सोमवारी मी मुंबई बंद करणार. आणि तो फॉर्म पण टाकणार वर. नाव, गाव, मोबाइल नंबर. निदान कोण आलं ते तरी कळेल."

"साप चावलेला माणूस फॉर्म भरेल?"

"नालासोपाऱ्याचा भरेल ना," तो म्हणाला. "त्याला कुठे चावलाय?"

*

सुनेत्राचं आधीचं सगळं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली गेलं होतं, असं ती स्वतःच कधीतरी म्हणे. केमिस्ट्री घेऊन पदवी, मग प्रयोगशाळेचा डिप्लोमा, आणि मग रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. मलेरिया, लेप्टो, पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी. मग लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली. यंत्रं गेली, रक्ताच्या बाटल्या गाडीतून कोल्हापूरला जायला लागल्या, आणि इथे उरलं फक्त एक काउंटर. काउंटरवर बसून पावत्या फाडायचं काम तिला दिलं गेलं. ते तिने काही महिने केलं आणि मग शांतपणे सोडलं. भाची अवनी पुण्यात वेबसाइटी करायची. तिने फोनवरून, व्हिडिओ पाठवून, चिडवत चिडवत मावशीला शिकवलं. "तुला छान जमेल गं," अवनी म्हणाली होती. "तुला नको ते काढून टाकायची सवयच आहे."

ते खरं होतं. स्लाइडवर रंग जास्त झाला की पेशी दिसत नाहीत, हे सुनेत्राच्या बोटांना माहीत होतं. पानाचंही तसंच. डॉक्टरीणबाईंच्या पेजवर पहिल्यांदा अजिंक्यने जे जे टाकायला लावलं होतं, सरकता फोटो, सत्काराची शाल, इमारतीचं चित्र, ते तिने एकेक करून काढलं होतं. एका वेळी एकच. एक बदलायचं, बाकीचं तसंच ठेवायचं, आणि बघायचं काय होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. शेवटी उरलं ते असं: वर ओळ, "सर्पदंशावर चोवीस तास उपचार", खाली वेटोळं घातलेल्या फुरशाचं रेघांनी काढलेलं छोटं चित्र, आणि मोठं हिरवं बटण, "फोन लावा". खरा फोटो तिने मुद्दाम घेतला नव्हता. घाबरलेला माणूस सापाचा फोटो बघत नाही, नजर काढून घेतो. शिवाय रेघांच्या चित्राला वजन नसतं, पान चटकन उघडतं.

त्या संध्याकाळी ती फोन घेऊन विहिरीमागे गेली. घराच्या त्या कोपऱ्यात रेंज जेमतेम एक काडी असे, म्हणून तपासायला ती जागा चांगली. तिने जाहिरातीवर बोट टेकवलं. पेज चटकन उघडलं. बटण दाबलं. दवाखान्यात फोन वाजला, तिथल्या मुलीने "हॅलो" म्हटलं, हिने "तपासत होते गं" म्हणून ठेवला.

पेज नीट होतं. मग त्यांनी बटण का दाबलं नाही? उघडतात, थांबतात, जातात. थांबतात हेच तिला टोचत होतं. ज्याचं काम नसतं तो थांबत नाही. प्रोजेक्टवाला पोरगा असता तर लगेच परत फिरला असता. हे लोक त्या रेघांच्या फुरशाकडे आणि हिरव्या बटणाकडे बघत काय करत होते?

शेतावरून येणाऱ्या बायका आवाराच्या दगडी गडग्याच्या पलीकडून बोलत चालल्या होत्या. डोक्यावर भाऱ्यांचे उंचवटे. कापणी या बाजूलाही सुरू झाली होती. चिऱ्याच्या गडग्यात, पेंढ्यांच्या खाली, जिथे हात घालायचा तिथेच फुरसं बसलेलं असतं. मातीच्या रंगाचं, वीतभर. सुनेत्राला ती गेल्या वर्षीची बाई आठवली. ती बाई तिने पाहिलीही नव्हती.

*

रविवारी सकाळी ती नारळ खोवत असताना फोन वाजला. विनोदचा. विनोद म्हणजे शेजारच्या हौसाकाकीचा मुलगा. हौसाकाकी मंडणगडकडची, लग्न होऊन इथे आलेली. नवरा गेल्यापासून एकटी असे, आणि मुलगा मुंबईला.

"काकू, विनोद बोलतोय. तुम्ही घरी आहात ना? जरा आमच्याकडे बघता का? आईच्या मीटरमधून धूर येतोय."

"काय?"

"धूर येतोय म्हणते. मी सांगितलं बाहेर जाऊन उभी राहा. तुम्ही जरा मेन स्विच..."

सुनेत्राने हातातली वाटी तशीच टाकली. दोन घरांच्या मध्ये एक कमरेएवढा गडगा आणि त्यात पडलेलं खिंडार, एवढंच अंतर. हौसाकाकी अंगणात तुळशीजवळ उभी होती, कानाला फोन. ओटीवरच्या मीटरच्या पेटीतून खरंच बारीक धूर निघत होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. सुनेत्राने कोरडी काठी घेतली, पायात रबरी चपला आहेत ना ते पाहिलं, आणि मेन स्विच काठीने खाली पाडला. थोडं थांबली. धूर विरळ झाला, मग नाहीसा झाला.

"आली रे, सुनेत्राबाय आली," हौसाकाकी फोनवर म्हणत होती. "बंद केलंन तिनं. होय. होय. ठेव आता."

"काकी," सुनेत्रा धापा टाकत म्हणाली, "मी इथे नारळ खोवत होते. तुम्हाला माझ्या खोवणीचा आवाज येत असेल."

"येत होता ना."

"मग हाक मारायचीत!"

"हाक मारून काय सांगू? मना काय कळतं त्या मीटरातलं?" हौसाकाकी तुळशीच्या कट्ट्यावर टेकली. "म्हटलं, पोराला विचारू. तो सांगंल काय करायचं ता."

"तो मुंबईला बसून काय सांगणार?"

"तेनंच सांगितलान ना, सुनेत्राकाकूला बोलावतो म्हणून."

"अहो, पण मी इथेच..."

"आता ह्या बाईला कसं समजवू," हौसाकाकी तुळशीला म्हणाली. मग सुनेत्राकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं, "बाय, आमच्यात असंच असतं. बापये सगळे तिकडं. गाय व्यायली तरी आधी फोन तिकडं. तिकडनं सांगत्यात ता इकडं करायचं. माझा घोव होता तवा पत्र टाकायचो. आता फोन हाय, ता बरं."

सुनेत्रा हसायला लागली. नाइलाजाने, काठी हातात तशीच धरून. मीटरपासून तिच्या अंगणापर्यंतचा निरोप मुंबईला जाऊन आला होता.

आणि हसता हसता ती थांबली.

"काकी, विनोद मुंबईत राहतो कुठे?"

"आता कुठं म्हणजे? नालासोपाऱ्याला. किती वेळा सांगितलंय."

*

तिने नारळ तसाच झाकून ठेवला आणि टेबलाशी बसली.

साप इथे चावतो. फोन तिकडे जातो. तिकडे, कंपनीच्या गेटवर किंवा दुकानात उभा असलेला माणूस बायकोचा किंवा आईचा रडका आवाज स्पीकरवर घेऊन त्याच फोनवर शोधायला लागतो. रत्नागिरी, साप, दवाखाना. त्याच्यासमोर सुनेत्राचं पेज उघडतं. फुरशाचं चित्र दिसतं, हिरवं बटण दिसतं. ते दाबलं तर घरचा फोन कापला जाईल. नंबर दिसला असता तर त्याने तो घरच्यांना तोंडाने सांगितला असता. पण नंबर कुठेच दिसत नव्हता. तो तिनेच बटणाच्या पोटात ठेवला होता, पान स्वच्छ दिसावं म्हणून.

म्हणून ते थांबत होते. नंबर शोधत होते.

नको ते काढून टाकण्याच्या सवयीने तिने हवं तेही काढलं होतं. तिला लाज वाटली नाही, वेळ नव्हता. तिने वरची ओळ पुसली आणि पुष्कळ खोडाखोड करून लिहिलं: "गावी कुणाला साप चावलाय? इंजेक्शन इथे आहे." त्याखाली दवाखान्याचा नंबर, मोठ्या आकड्यांत, लांबूनही वाचता येईल असा. हिरवं बटण राहिलं. त्याच्या खाली तिने दुसरं एक केलं, तेवढंच मोठं. त्यावर लिहिलं, "गावी पाठवा".

ते दाबलं की व्हॉट्सॲप उघडून तयार निरोप जाणार होता. फुरशाचं छोटं चित्र, नंबर, तिठ्यावरून दवाखान्याकडे वळायची खूण, आणि चार वाक्यं. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, फळी लावून आधार द्या. दोरी घट्ट बांधू नका. कापू नका, चोखू नका. कुणाकडे न थांबता थेट इथे या. वाक्यं डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकली, एक शब्द बदलला आणि म्हणाल्या, "बरोबर. टाक."

अजिंक्यला तिने सगळं समजावून सांगितलं.

"मावशी, तुमचं म्हणणं, मीटर जळला म्हणून आपण मार्केटिंग बदलायचं?"

"हो."

"एका बाईच्या मीटरवरून?"

"तुझ्याकडे नकाशा आहे, माझ्याकडे एक मीटर आहे. दोन्ही एकच सांगतात. आणि मी चुकत असले तर सोमवारी तू मुंबई बंद करणारच आहेस."

"सोमवार उद्याच आहे."

"माहीत आहे," सुनेत्रा म्हणाली.

*

सोमवारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा अजिंक्यने लॅपटॉप उघडून ठेवलाच होता. नकाशावर ठिपके होते तसेच होते. फोन काही आला नव्हता.

"बघा," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मला पण वाईट वाटतं. पण आईच्या पैशांतून मी किती दिवस हे..."

"आज दुपारपर्यंत थांबशील?"

"त्याने काय होणार?"

एका दिवसात काही सिद्ध होत नाही, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुरावा म्हणजे कुणाला तरी साप चावणं. तसं मनात आणणंही वाईट. पण चावणार तर होताच, कुणाला ना कुणाला, या कापणीत. प्रश्न एवढाच होता की तो माणूस कुठे पोचेल. ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

अजिंक्यने चहा मागवला. चहा आला, प्यायला गेला. त्याने पुन्हा लॅपटॉप पुढे ओढला. जाहिरातीच्या निवडींचं पान उघडलं.

बाहेर टेबलावरचा फोन वाजला. मुलीने उचलला, ऐकलं, आणि हात उंच हलवून आतल्यांना बोलावलं. तिने फोनचा आवाज मोठा केला.

"...हॅलो, मॅडम, मी संदेश बोलतोय, भांडुपवरनं. बायकोला फुरसं चावलंय. भात कापत होती. हाताला. तुमच्याकडं इंजेक्शन हाय ना? नक्की हाय ना?"

"आहे," मुलगी म्हणाली. "घेऊन या."

"निघालेत, निघालेत. बाळा रिक्षावाला मिळाला. मी मेसेज पाठवला त्याला, त्यात लिवलंय तसंच केलंय. मॅडम, माझी दोन पोरं हायत, लहान. नम्रता नाव तिचं. जरा बगा हो."

अजिंक्यने लॅपटॉपवरचं बोट उचललं. तो बाहेर गेला आणि फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडून तिथेच रस्त्यावर उभा राहिला.

रिक्षा आली ती हॉर्न वाजवतच. मागे एक तरुण बाई सासूच्या अंगावर रेलून बसली होती. चिखलाने भरलेले पाय, डोक्याला अजून टॉवेल गुंडाळलेला. उजवा हात पुढे धरलेला आणि त्याला खालून एक लाकडी पट्टी, वर ओढणीने सैलसर गुंडाळलेली. हात मनगटापर्यंत सुजला होता.

"पाटाची फळी काढली, दुसरं काय मिळेना," रिक्षावाला बाळा उतरता उतरता सांगत होता. "म्हातारी नुसती बांध, बांध करत होती. मी म्हटलं, आये, ह्यात लिवलंय बांधायचं नाय. ती म्हणते, कोणी लिवलंय? म्हटलं, ता मना काय माहीत, संदेशने पाठवलान."

"मेल्या, भगताकडं थांबव म्हटलं तर थांबला नाय," सासू रडत म्हणाली.

"ता पण लिवलेलं ना, थांबू नका म्हणून!"

नम्रताला आत नेलं. सुनेत्रा दाराच्या बाहेर राहिली. आतलं तिचं काम नव्हतं. पण दाराच्या काचेतून तिला ओळखीचं एक दृश्य दिसलं: नर्सने रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. आता तिला कुणी हात लावायचा नव्हता. ठरलेला वेळ गेला की नळी आडवी करायची. रक्त गोठलं असेल तर बरं. वाहिलं तर विष रक्तात पोचलंय.

वेळ झाल्यावर डॉक्टर दमयंतींनी स्वतः नळी उचलली. आडवी केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत गेलं.

"चालू करा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. इंजेक्शन हाताशी होतं.

सुनेत्रा घरी गेली नाही. सासूला तिने पाणी दिलं, बाकावर बसवलं. म्हातारी मधूनमधून विचारत होती, "वाचंल ना?" आणि सुनेत्रा दर वेळी, "औषध चालू आहे," एवढंच म्हणत होती, कारण तेवढंच तिला खात्रीने माहीत होतं. संदेशचा फोन सारखा येत होता. बाळा दर वेळी उचलून सांगे, "हाय रे, बोलतेय. पाणी मागितलान. तू गाडीत बस आधी."

दिवेलागणीला पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा नळी टेबलावर. या वेळी सुनेत्राला काचेतून बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई नळी हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी ती सुनेत्राच्या डोळ्यांपुढे धरली आणि हळूच आडवी केली.

रक्त तळाशी घट्ट बसून होतं, जेलीसारखं. जागचं हललं नाही.

सुनेत्राने आयुष्यात अशा नळ्या किती बघितल्या असतील. तरी ती हात पुढे करून म्हणाली, "जरा बघू?" आणि नळी घेऊन तिने आणखी एकदा स्वतः आडवी करून पाहिली.

अजिंक्य लॅपटॉप बंद करून तिच्या मागे उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "मुंबई राहू दे."

"आणि फॉर्म?"

"कसला फॉर्म?" तो म्हणाला.

*

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. तसं काही काम नव्हतं. नम्रता उशीला टेकून पेज पीत होती, हाताची सूज उतरत होती, आणि सासू शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती. त्या हकिकतीत आता भगत नव्हता.

सुनेत्रा बाहेर बाकावर येऊन बसली. शेजारी एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, अंगात भांडुपच्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट. त्याने तिला जागा करून दिली.

"तुमचं कोण हाय आत?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. सहज आले होते."

"माझी बायको. फुरसं चावलं. पण वाचली." त्याने हे 'वाचली' इतक्या जपून उच्चारलं की तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी तिकडं होतो, काय करू सुचेना. आणि हे सापडलं." त्याने फोन काढला. "बगा. हे असं हाय. इथं नंबर, आणि इथं दाबलं की गावी जातं. कोणी केलाय ठाऊक नाय. पण ज्याने केलाय त्याचं मुंबईला कोणतरी असणार. नायतर कसं सुचंल?"

सुनेत्राने पडद्याकडे पाहिलं. त्याच्या फोनची काच तडकलेली होती. तडा बरोबर हिरव्या बटणावरून गेला होता, पण आकडे वाचता येत होते.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"तुमच्याकडं ठेवा. कापणीचे दिवस हायत. नंबर सांगा तुमचा, पाठवतो."

तिने नंबर सांगितला. फोन थरथरला. स्वतःच केलेलं फुरसं तिच्या हातात येऊन वेटोळं घालून बसलं.

"तुमचं कोण असतं मुंबईला?" संदेशने विचारलं.

"माझं कोणी नाही तिथे."

"कोणीच नाय?" त्याला ते खरंच चमत्कारिक वाटलं. "मग अडीनडीला फोन कुणाला लावता?"

आई गेल्यापासून तिच्यापुढे तसा प्रश्नच आला नव्हता. ताप आला तर गोळी घ्यायची, पंप बंद पडला तर पंपवाल्याला बोलवायचं. आधी कुणाला तरी सांगायचं, आणि मग त्याने सांगायचं काय करायचं ते, अशी पायरी तिच्या घरात उरली नव्हती.

"शेजारी एक काकी आहेत," ती म्हणाली.

"मग त्यांना पाठवून ठेवा," संदेश म्हणाला आणि आतून हाक आली म्हणून उठला.

तिने पेज उघडून 'गावी पाठवा' दाबलं. नावांची यादी आली. हौसाकाकीचं नाव शोधून तिने निरोप पाठवला आणि पर्स उचलून तिठ्याकडे चालायला लागली. ऊन कलतं होतं. कापलेल्या भाताचा वास हायवेच्या धुरातूनही येत होता. रिक्षांच्या रांगेत बाळाची रिक्षा दिसली, त्याने हात केला. ती त्याच्याकडे वळणार तोच फोन वाजला.

"काकू!" विनोदचा श्वास लागला होता. मागे यंत्रांची घरघर. "काकू, तुम्हाला काय चावलं? आईचा फोन आला, म्हणते सुनेत्राबायने सापाचं चित्र पाठवलंन. तुम्ही कुठे आहात? हात हलवू नका. मी दवाखान्याचा नंबर बघतो, माझ्याकडे..."

"विनोद. विनोद, ऐक."

"बोला काकू."

सुनेत्रा रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक ट्रक गेला, मग दुसरा. ते जाईपर्यंत तिला बोलता येईना, आणि तिकडे नालासोपाऱ्यात तो फोन धरून थांबला होता.

"काही नाही रे," ती म्हणाली. "मी बरी आहे. तसं आईला कळव."